आई-बाबांसाठी गाव शोधताना भाड्याच्या पलीकडचा एक रकाना

गेल्या वर्षी आई-बाबांना डोंबिवलीतून दुसरीकडे हलवायचे ठरले, तेव्हा मी दोनशे पानी वही आणून तिच्या पहिल्या पानावर दोनच रकाने आखले होते: गाव आणि भाडे. वही संपेपर्यंत रकाने नऊ झाले आणि भाड्याचा रकाना पाचव्या क्रमांकावर गेला. आई-वडिलांसाठी स्वस्त जागा शोधणारे माझ्या वयाचे अनेकजण सध्या याच चक्रात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी पैशांचे सांगते, कारण ते लपवून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. बाबा ठाण्यातील एका खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना पीएफची पेन्शन महिना २,३४० रुपये मिळते. या योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच अडकलेली आहे, त्यामुळे बाबा स्वतःला सुदैवी समजतात. आयुष्यभराची शिल्लक, म्हणजे १५ लाख रुपये, पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे आणि तिचे ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना ३०,७५० रुपये व्याज येते. दोन्ही मिळून महिन्याला साधारण साडेबारा हजार होतात. स्वतःची खोली आजोबांच्या आजारपणात विकली गेल्यापासून ते भाड्यानेच राहत होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घराचे भाडे तेरा हजारांवर पोचले होते. घर, औषधे आणि किराणा यांचा मेळ मी आणि भाऊ दर महिन्याला घालत होतो, आणि तो घालताना बाबांचा चेहरा पाहवत नव्हता.

अशा वेळी नातेवाइकांचा ठरलेला सल्ला असतो, ‘गावी जाऊ दे त्यांना, तिथे खर्चच काय?’ माझ्या मते या विषयातला सर्वांत महागडा सल्ला तोच आहे. आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे. घर चौघा चुलत भावंडांच्या सामायिक मालकीचे असल्याने भाडे शून्य, हे खरे. परंतु डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी उतरावी लागते. मी मुद्दाम मोजल्या, तिच्या ११२ पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. बाबांच्या हृदयात एक स्टेंट आहे. रात्री छातीत दुखू लागले, तर आधी खुर्चीत बसवून त्यांना वर रस्त्यावर आणणारे चार तरणे गडी हवेत, आणि वाडीत आता साठीच्या आतली माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. तिथून रत्नागिरी गाठायला दीड-दोन तास लागतात. शिवाय मृगाआधी कौले चाळून घेणे, पडवीची डागडुजी, विहिरीचा पंप हा खर्च ‘तुम्ही तिथे राहताच आहात’ या न्यायाने राहणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. मे महिन्यातील आठ दिवसांवरून बारा महिन्यांची कल्पना करू नये, एवढे मला त्या पाखाडीवर उभे असताना कळले.

बदलापूर-वांगणीकडची घरे परवडणारी होती. परंतु काही गंभीर झाले की पुन्हा कल्याण किंवा मुंबई, आणि तेही लोकलच्या गर्दीतून. वाई मला मनापासून आवडली होती, पण पुणेकरांच्या शनिवार-रविवारच्या घरांनी तिथले आकडे चढवून ठेवले आहेत. वृद्धाश्रमही पाहिले. जोडप्यासाठी स्वतंत्र खोली देणाऱ्यांची अनामत रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती, आणि दोन ठिकाणी तर माणूस अंथरुणाला खिळला की घरी परत न्यावे लागेल, अशी अटच होती.

या सगळ्या धावपळीत एका संध्याकाळी वही उघडली, तर शेवटच्या रकान्याशेजारी बाबांच्या अक्षरात आणखी एक मथळा लिहिलेला दिसला: ‘ही एकटी राहू शकेल का?’ बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि आई ६७ वर्षांची. आमच्यापैकी कोणीही तोंडाने न उच्चारलेला हिशेब त्यांनी करून ठेवला होता. त्यांच्या पश्चात पेन्शन निम्म्यावर येणार, पोस्टातले खाते दोघांच्या नावे असल्यामुळे तेवढे चालू राहणार, आणि भाड्याच्या घरात आई एकटी उरणार. त्या एका मथळ्याने यादीतील निम्म्याहून अधिक गावे खोडली गेली. राजापूर तर त्याच क्षणी गेले, कारण ते बाबांचे गाव आहे. आईची तिथली ओळख म्हणजे लग्नानंतर गणपतीला आणि मे महिन्यात केलेला स्वयंपाक.

आपण ‘गाव’ म्हणतो, तेव्हा नेहमी वडिलांचेच गाव धरतो. आईचे माहेर जयसिंगपूरचे असूनही ते नऊ महिने माझ्या वहीत आले नव्हते, याची मला आज लाज वाटते. जयसिंगपूरच्या शेजारीच मिरज आहे आणि मिरजेत आईची मावसबहीण व शाळेतल्या दोन मैत्रिणी राहतात.

मिरजेला लोक वैद्यकीय पंढरी म्हणतात, ते उगाच नाही. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि त्याच्या आधाराने गावात डॉक्टरकीची परंपराच रुजली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे आणि खासगी रुग्णालये तर गल्लोगल्ली आहेत. हे महत्त्वाचे का, तर बाबांना सत्तरीवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान कार्ड मिळाले आहे आणि आईला रेशनकार्डावर महात्मा फुले योजना लागू आहे. दोन्हींत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असले, तरी ते योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. असे रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर असेल, तर ऐन वेळी ते कार्ड पाकिटातच राहते. रोजच्या गोळ्या मात्र दोन्ही योजनांत बसत नाहीत. त्यासाठी जनऔषधी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे ना, हेही मी पाहिले, आणि त्या एका गोष्टीने औषधांचे बिल निम्म्यावर आले.

घर पाहायला गेले, तेव्हा एजंटाला न विचारता आधी रिक्षावाल्याला विचारले की २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आले होते. कृष्णेच्या काठच्या गावात हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायचा असतो. त्याने एका भिंतीवरचा मातकट पट्टा दाखवला आणि स्टेशनच्या बाजूला बोट करून ‘तिकडं बघा ताई, तिकडं पाणी न्हाई’ असे सांगितले. आम्ही तिकडेच पाहिले.

खरी अडचण घरमालकांची झाली. तळमजला रिकामा असूनही तीन ठिकाणी ‘म्हाताऱ्या माणसांना देत नाही, पुढे काही झाले तर’ असे तोंडावर सांगितले गेले. चौथ्या ठिकाणी मी आणि भावाने आमचे फोन क्रमांक व हमी लिहून दिली, तेव्हा दोन खोल्या, मोरी आणि पुढे ओटा असलेले घर सहा हजारांत मिळाले. अकरा महिन्यांचा करार करू नका, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सत्तरीनंतर दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणे शरीराला आणि मनाला सोसत नाही. आम्ही दरवर्षी पाच टक्के वाढ मान्य करून तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेतला. पेन्शनची मात्र चिंता नव्हती, कारण जानेवारी २०२५ पासून पीएफची पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या शाखेतून घेता येते आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो.

आता माझ्यापासून ते एका रात्रीच्या अंतरावर आहेत. कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसले की पहाटे मिरज येते. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे बाबांना एसटी फुकट आहे आणि आईला अर्धे तिकीट, पण रात्रभर एसटीत बसणे दोघांनाही झेपत नाही. आणि रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केलेली ज्येष्ठांची सवलत अजून पूर्ववत केलेली नाही, त्यामुळे त्यांच्याऐवजी आम्हीच जातो. हा प्रवासखर्च वहीत धरायचा मी विसरले होते. तो धरूनही महिन्याचे गणित जमते.

बाबांना मिरजेत अजून पुरते करमत नाही. संध्याकाळी सतारमेकर गल्लीतून चक्कर मारतात आणि कुणाच्या तरी दुकानापुढे भोपळा तासताना पाहत उभे राहतात. व्याज जमा झाले की पोस्टात पासबुक भरून आणायचे काम मात्र त्यांनी आईकडे सोपवले आहे. परवा मी तिथे होते. ती पिशवी घेऊन एकटीच निघाली, तेव्हा मी सोबत जायला उठले, तर बाबांनी ओट्यावरूनच मला हाताने खाली बसण्याची खूण केली.