आधी पत्रक वाचा, मग वात पेटवा

वसुबारसेच्या आसपास तुमच्या जिन्याखालच्या फलकावर फटाक्यांबद्दलचं एक गुळगुळीत पत्रक लागेल. दिसलं नाही तर सेक्रेटरींना विचारा. त्यांनी ते वाचलेलं नसलं तरी लावलेलं नक्की असतं, आणि टँकरच्या बिलाचा हिशेब बरोबर झाकला जाईल अशा जागीच लावलेलं असतं. वर डाव्या कोपऱ्यात महापालिकेचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात आयुक्तांचा फोटो, मध्ये फुलबाजी धरून हसणारी दोन मुलं. आमच्या पत्रकावरची मुलं दरवर्षी तीच असतात. इतकी वर्षं झाली, पण त्यांची फुलबाजी काही विझत नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘जाहीर आवाहन’.

आधी हा शब्द नीट समजून घ्या. नियम मोडला तर दंड होतो. आवाहन मोडलं तर काहीच होत नाही, आणि पाळलं तर शेवटच्या ओळीत तुमचे आगाऊ आभार मानलेले असतात. म्हणून नियमांना आवाहनाच्या वेष्टनात घालून देण्याची पद्धत आहे. तुम्ही ते वेष्टन न फोडता परत करायचं, एवढंच.

सुरुवात वेळेपासून करू. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सांगितलं, दिवाळीत फटाके रात्री ८ ते १०. नाताळ आणि नववर्षाला ११.५५ ते १२.३०. ही ‘पंचावन्न’ वाचून मला फार बरं वाटतं. कोणीतरी कुठेतरी घड्याळ जुळवून, हातात उदबत्ती धरून पाच मिनिटं कमी बाराची वाट बघत उभं आहे, असा विश्वास त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईकरांना आधी ७ ते १० असे तीन तास दिले होते. मग चार दिवसांत त्यातला एक काढून घेतला. त्यामुळे पत्रक छापून झालेलं असताना वेळ बदलली, तर जुनी वेळ पेनाने खोडून नवी लिहिलेली आढळेल. दोन्ही वेळा वाचता येतात. तुम्हाला सोयीची ती घ्या.

पण तुम्ही मराठी आहात, आणि खरी अडचण इथे आहे. आपली दिवाळी रात्री आठला सुरू होत नाही, ती नरकचतुर्दशीला पहाटे पावणेपाचला सुरू होते. उटणं, मोती साबण, पायाखाली कारीट, आणि अंगावरचं पाणी पुसायच्या आत ‘आपल्या बिल्डिंगचा पहिला बॉम्ब कोणाचा’ ही स्पर्धा. आता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाके चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालय २००५ सालीच सांगून बसलं आहे. म्हणजे लहानपणापासून तुम्ही ज्याला संस्कार समजत आलात, तो कागदोपत्री गुन्हा आहे. तामिळनाडूचाही घोळ असाच होता, त्यांची दिवाळीही पहाटेचीच. त्यांनी २०१८ मध्ये रीतसर न्यायालयात जाऊन आपल्या दोन तासांचे तुकडे पाडून घेतले, एक तास सकाळी आणि एक संध्याकाळी. साधी माणसं, त्यांनी विचारलं. आपल्याला पावणेपाचला विचारायचं म्हटलं तरी त्या वेळी कोर्ट उघडं नसतं. तेव्हा कोणी हटकलंच तर एवढं म्हणा, की ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि नरकासुर त्याच्या बऱ्याच आधीचा. पूर्वलक्षी प्रभावाने त्याला लागू करता येणार नाहीत.

आता आवाज. नियम १९९९ चा आहे आणि अगदी नेमका आहे. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. तसा रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचाही नियम आहे, पण तो वेगळ्या कागदावर आहे. दोन कागद शेजारी ठेवून वाचायची वाईट सवय लावून घेऊ नका.

हे चार मीटर मी मोजून पाहिले. समोरच्या घरात सुतारकाम चालू होतं, त्याच्याकडून टेप मागून घेतला. आमच्याकडे सुतळी बॉम्ब लावायची पिढीजात जागा म्हणजे गेटच्या आत, दोन गाड्यांच्या मधली फट. तिथे टेपचं टोक धरायला एका मुलाला उभं केलं आणि मी मागे सरकत गेलो. दोन मीटर ऐंशीला तळमजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी लागली. टेप खिडकीतून आत घातला, तेव्हा चार मीटरची खूण बरोबर त्यांच्या गॅसच्या ओट्यावर आली, कुकर आणि चहाचं आधण यांच्या मध्ये. म्हणजे नियमानुसार आवाज मोजायचा तर अधिकाऱ्याला आजींच्या ओट्यावर चढून बसावं लागेल. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मोजायचंय काय त्यात? मांडणीवरची ताटं वाजतात की!’’ आजींच्या ताटांना अजून प्रमाणपत्र मिळालेलं नसल्यामुळे ही नोंद ग्राह्य धरता येत नाही.

माळ लावायची असेल तर मात्र तुम्हाला अकरावीची लॉगरिदमची वही माळ्यावरून काढावी लागेल. माळेची आवाजमर्यादा एका फटाक्याच्या मर्यादेपेक्षा कमी असते. किती कमी, तर ५ गुणिले लॉग एन, जिथे एन म्हणजे माळेतल्या फटाक्यांची संख्या. हजाराच्या माळेला १५ डेसिबल कमी, दहा हजारीला २०. हे गणित उदबत्ती पेटलेली असताना तोंडी करायचं. त्यात हजाराच्या माळेत हजार फटाके असतात असं मानणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, तेव्हा एनची किंमत काढायला आधी माळ सोडवून मोजावी लागेल. सुदैवाने २०१८ च्या आदेशात माळेवर सरसकट बंदीच आली आणि तुमचं गणित वाचलं. आता दुकानात ‘माळ आहे का’ असं विचारू नका, ते बरं दिसत नाही. नुसतं टेबलाच्या खाली बघा.

फक्त हरित फटाके घ्या, असंही पत्रकात आहे. या बाबतीत महाराष्ट्राने छाती फुगवायला हरकत नाही. फटाके शिवकाशीत बनत असतील, पण हरित फटाक्याचं सूत्र तयार केलं नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने, आणि देशभरातल्या स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपुरातच. म्हणजे वात तिकडची, पण कागद आपला. या फटाक्यातून धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघतात. उरलेले ७० टक्के आवाहनात येत नाहीत, ते थेट फुप्फुसात जातात. शिवाय त्यात बेरियमचे क्षार नकोत, असं न्यायालयाचं म्हणणं. आता आतषबाजीत जो झगझगीत हिरवा रंग निघतो, तो बेरियममुळे. तेव्हा खूण लक्षात ठेवा : फटाक्यातून छान हिरवागार उजेड पडला, तर तो हरित नव्हता.

खात्री करायला खोक्यावर क्यूआर कोड असतो. मी गेल्या वर्षी स्टॉलवर उभा राहून तो स्कॅन करत होतो. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं, भुईचक्रापेक्षा जास्त वेळ.

‘‘रेंज नाही इकडे,’’ स्टॉलवाला म्हणाला.

‘‘मग हे हरित आहे कशावरून?’’

त्याने माझ्या हातातलं खोकं उलटं करून पाहिलं. भुईनळे होते, आमच्याकडे त्याला झाड म्हणतात. ‘‘अहो साहेब,’’ तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘‘झाड आहे. झाड हरित नसणार तर काय असणार?’’

नीरीच्या शास्त्रज्ञांनाही हे इतक्या थोडक्यात मांडता आलं नसतं. मी दोन खोकी घेतली.

त्या स्टॉलचेही नियम आहेत, आणि ते स्टॉलवाल्याने लॅमिनेट करून मागे टांगलेले असतात. स्फोटक नियम, २००८. तात्पुरतं दुकान न पेटणाऱ्या सामानाचं असावं, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर, समोरासमोर तोंडं नकोत, एका जागी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत, उघडी ज्योत तर नकोच नको. आमच्या मैदानावर हे सगळं फार मनापासून पाळलेलं दिसतं. दुकानाला लग्नाच्या मांडवाचं कापड असतं, पण ते लग्नात कधी पेटलेलं नसल्यामुळे न पेटणारं धरलं जातं. तीन मीटर अंतर परवान्यासाठी काढलेल्या फोटोत सोडलेलं असतं. मग त्यात मेव्हण्याचं दुकान बसतं. आणि उघड्या ज्योतीचं म्हणाल, तर लॅमिनेट केलेल्या नियमाच्या अगदी खाली लक्ष्मीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावलेली होती. राख पडू नये म्हणून ती त्याने रॉकेटच्या खोक्यात खोचली होती. मी बोट दाखवल्यावर तो दुखावला. ‘‘बोहनीच्या वेळेला असं बोलू नये,’’ म्हणाला. अग्निशामक नळकांडं होतं, त्याला हारही घातला होता. दसऱ्याचा असावा.

रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. शहराच्या नकाशावर कंपासने ही वर्तुळं काढून बघा, मुलांना सुटीचा चांगला उद्योग आहे. मध्ये उरलेल्या फटींत तुमचं घर येत नसेल तर नकाशा जुना आहे असं समजा.

काळजीच्या सूचनाही मी पाळतो. ‘सुती कपडे घाला’ : नव्या कुडत्याच्या लेबलवर बोट ठेवून दुकानदाराने ‘कॉटन फील’ असल्याचं सांगितलं आहे. ‘जवळ पाण्याची बादली ठेवा’ : महापालिका फटाक्यांची वेळ देते रात्री ८ ते १० आणि आमच्याकडे पाणी सोडते पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्यामुळे नियमाने पाहिलं तर फटाके असतात तेव्हा बादली रिकामी, आणि बादली भरते तेव्हा फटाके बेकायदा. जिन्यात वाळूच्या लाल बादल्या आहेत म्हणा. एकीत कोरफड लावली आहे, भाजल्यावर उपयोगी.

एवढं करूनही तुम्हाला त्रास झाला, म्हणजे घरात दम्याचं माणूस असेल, तान्हं मूल असेल किंवा पलंगाखालून तीन दिवस बाहेर न येणारं कुत्रं असेल, तर तक्रार जरूर करा. नाव गुप्त ठेवलं जातं. ११२ लावा. रात्री साडेअकराला आमच्याकडे एकाने लावला होता. अर्ध्या तासाने दोन हवालदार आले, गेटपाशी उभे राहिले आणि वर बघून त्यातल्या एकाने चांगला खणखणीत आवाज दिला, ‘‘तिसऱ्या मजल्यावरून कंप्लेंट कोणी केलीय?’’ गॅलऱ्यांमधून सगळी बिल्डिंग खाली वाकली. खाली मुलं हातात बॉम्ब घेऊन अदबीने थांबली. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं आहेत, आणि त्यातलं एक गावाला गेलेलं होतं. हवालदारांना फराळ दिला गेला, चकल्या उत्तम झाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि ते कोपऱ्यावर वळले तसा पहिला बॉम्ब वाजला. भाऊबीजेला तिसऱ्या मजल्यावर फराळाचं ताट कोणीही पाठवलं नाही.

हवालदारांवर राग धरू नका. २०१८ च्या आदेशात एक फार धारदार वाक्य आहे : आपल्या हद्दीत उल्लंघन आढळलं, तर त्या पोलिस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल आणि तो न्यायालयाचा अवमान ठरेल. आता तुम्ही त्या खुर्चीत बसून विचार करा. उल्लंघन नोंदवायचं म्हणजे आपल्याच हाताने आपलाच अवमान लिहून द्यायचा. तेव्हा उल्लंघन आढळू नये यासाठी सारं ठाणं झटतं, आणि बहुतेक ते आढळतही नाही. कायदा इतका कडक केला, की त्याच्याकडे डोळे उघडून बघायची सोय राहिली नाही.

पाडव्याला सकाळी झाडूवाल्या बाई येतात. हिरवा कोट, नाकाला ओढणी. लाल कागदाचा चोथा पाणी शिंपडल्याशिवाय निघत नाही, आणि पाणी गेलेलं असतं. त्यांच्यासाठी पत्रकात सूचना नाही. त्या पत्रक वाचणाऱ्यांत धरलेल्या नाहीत.

राहता राहिलं शेवटचं कलम : ‘न फुटलेल्या फटाक्याला हात लावू नये, त्यावर पाणी ओतावे.’ भाऊबीजेच्या दुपारी आमच्या जिन्यात चार मुलं उकिडवी बसली होती. तीन दिवसांचे फुसके गोळा केलेले, लवंग्या, सुतळ्या, एक अर्धवट रॉकेट. सोलून सोलून करड्या दारूचा ढीग करत होती, तुम्ही-आम्ही केला होता तसाच. खाली कागद हवा म्हणून फलकावरून पत्रक काढून घेतलं होतं. मी म्हटलं, अरे, वाचलंत का त्यावर काय लिहिलंय? त्यातल्या मोठ्याने मान वर न करता सांगितलं, ‘‘काका, वहीच्या कागदाला दारू चिकटते. हा गुळगुळीत आहे, सगळी खाली येते.’’

आणि आयुक्तांच्या फोटोवर दारू जाऊ नये म्हणून त्याने तो कोपरा नीट दुमडून घेतला. मी जिन्यातल्या लाल बादलीकडे धावलो. कोरफडीने चांगलं मूळ धरलं होतं.