पोटाच्या घेरावरून तंदुरुस्ती मोजणाऱ्यांना उत्तर

एका क्रिकेट संघाच्या स्वतःच्या पॉडकास्टमधील छोटासा तुकडा सध्या सोलापुरातील क्रिकेटप्रेमींच्या मोबाइलवर फिरतो आहे. पार्क मैदानावर सकाळी सरावाला येणारी मुले, सात रस्त्याच्या टपरीवर आदल्या रात्रीच्या सामन्याची चिरफाड करणारे ज्येष्ठ आणि नव्या पेठेतील दुकानदार यांच्यात त्यावरून सरळ दोन तट पडले आहेत. सूत्रसंचालकाचे म्हणणे थोडक्यात असे : आजच्या खेळाडूंची सुटलेली पोटे उघड्या डोळ्यांना दिसतात, म्हणजे ते तंदुरुस्त नाहीत, यो-यो या धावण्याच्या चाचणीत जो उतरत नाही त्याला घरी पाठवावे, जो वारंवार जखमी होतो तो मेहनत टाळतो, पूर्वीचे खेळाडू असे जखमी होत नसत, आणि कोट्यवधी रुपये मिळत असताना तंदुरुस्ती हा निव्वळ शिस्तीचा प्रश्न उरतो. हा तुकडा पुढे पाठवताना आपल्याकडच्या कोणीतरी त्याखाली ‘आमच्या तालमीतली पोरं बघा, मग कळेल फिटनेस काय असतो’ अशी एक ओळ जोडली आहे. सूत्रसंचालक कोण आणि संघ कोणता, याला येथे महत्त्व नाही, कारण हेच बोलणे दर मोसमात कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येते.

पोटापासूनच सुरुवात करू. एखाद्या खेळात, एखाद्या भूमिकेत जे काम लागते ते पुन्हा पुन्हा आणि दर्जा घसरू न देता करता येणे, याला खेळाडूची तंदुरुस्ती म्हणतात. हे काम सलामीच्या फलंदाजाचे वेगळे, वेगवान गोलंदाजाचे वेगळे आणि यष्टिरक्षकाचे वेगळे असते. मार्च 2025 मध्ये रोहित शर्माच्या वजनावर एका राजकीय प्रवक्त्यांनी जाहीर शेरा मारला आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर काही दिवसांतच, 9 मार्चला, दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने 83 चेंडूंत 76 धावा केल्या आणि तोच सामनावीर ठरला. सरफराज खानची देहयष्टी हा तर वर्षानुवर्षे चघळला गेलेला विषय. देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचूनही त्याला संघात घेतले जात नव्हते, तेव्हा 2023 मध्ये सुनील गावसकर यांनी निवड समितीला सडपातळ माणसेच हवी असतील तर त्यांनी फॅशन शोला जाऊन मॉडेल निवडावेत, अशा अर्थाचा टोला लगावला होता. पुढच्या वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात सरफराजने दोन्ही डावांत अर्धशतके केली आणि ऑक्टोबरमध्ये बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध 150 धावा फटकावल्या. वेस्ट इंडिजचा रहकीम कॉर्नवॉल हा कसोटी क्रिकेटमधील सर्वांत वजनदार खेळाडूंपैकी एक. 2019 मध्ये लखनऊला अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीत त्याने दहा बळी घेतले, त्यांतले सात एकाच डावात.

एका डावाने किंवा एका सामन्याने सिद्धांत सिद्ध होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो रास्त आहे. परंतु ‘पोट दिसले की खेळाडू कुचकामी’ हा दावा सरसकट आहे, आणि सरसकट दावा मोडायला एक खरे उदाहरण पुरते. वजन कधीच आड येत नाही, असे मी म्हणत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो, आणि अशा उन्हात अंगावरची जादा चरबी शरीरातील उष्णता बाहेर पडू देत नाही, धावताना लवकर दमवते आणि गुडघ्यांवर भार टाकते. प्रश्न एवढाच आहे की ही चरबी किती आहे आणि त्या खेळाडूच्या कामात ती आड येते का, हे सैल जर्सीवरून ठरवणे म्हणजे उजनीच्या भिंतीवर उभे राहून, पाण्याच्या रंगावरून साठा किती टक्के आहे ते सांगण्यासारखे आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच जानेवारी 2023 मध्ये हाडांची घनता, चरबी आणि स्नायू यांचे प्रमाण मोजणारी डेक्सा तपासणी निवडीच्या निकषांत घेण्याचे ठरले. नुसत्या डोळ्यांनी भागले असते, तर त्या यंत्राची गरजच पडली नसती.

आता तालमीच्या ओळीकडे वळू, कारण सोलापूर जिल्ह्यात हा युक्तिवाद सर्वांत जास्त पटतो आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त चुकतो. पहाटे उठून जोर-बैठका मारणारा, लाल मातीत घाम गाळणारा आणि वस्तादाच्या धाकात खुराक खाणारा पैलवान कष्टाळू असतो, यात शंका नाही. मात्र महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा असतो, हे ती ओळ लिहिणारा विसरला. करमाळा तालुक्यातील खडकीच्या बाला रफिक शेख याने 2018 मध्ये जालन्याला ती गदा जिंकली, तेव्हा त्याच्या पोटावर घड्या आहेत की नाहीत, याची चर्चा कोणी केली नाही. वजनदार गटातल्या पैलवानाला वजन हवेच असते. प्रतिस्पर्ध्याच्या पटाला, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या डावाला, दाद न देण्यासाठी आणि त्याला खाली दाबून धरण्यासाठी ते उपयोगी पडते. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, तर कसोटीत एका दिवसात नव्वद षटके टाकायची असतात. दोन्हीकडे लागणारा दम वेगळा, ताकद वेगळी आणि थकवाही वेगळा. पैलवानाला उन्हात दिवसभर कव्हरला क्षेत्ररक्षणासाठी उभे करणे आणि फलंदाजाला आखाड्यात उतरवणे सारखेच निरर्थक ठरेल.

शिवाय कुस्तीनेच वजन आणि तंदुरुस्ती यांची फारकत अलीकडे अगदी क्रूरपणे दाखवून दिली आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली विनेश फोगाटने एकाच दिवसात तीन लढती जिंकल्या, त्यांत टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिच्याविरुद्धचीही एक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन 50 किलोंच्या मर्यादेपेक्षा 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने उपान्त्य लढतीनंतर सुमारे दहा तासांत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्यपदकाची लढत जिंकली. विनेश त्या सकाळी ‘अनफिट’ नव्हती, आणि अमन त्या दहा तासांत अधिक तंदुरुस्त झाला, असेही नव्हे. त्याने मुख्यतः शरीरातले पाणी घालवले होते. काट्यावरच्या आकड्यातून खेळाडूचा दम वाचता येत नाही, हे तालमीत वावरलेला कोणताही वस्ताद सांगेल.

आपल्याच जिल्ह्यातील मिरे गावची किरण नवगिरे हिचे उदाहरणही या संदर्भात बोलके आहे. ती क्रिकेटकडे वळली ती भालाफेक आणि गोळाफेक करून, आणि 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात 76 चेंडूंत नाबाद 162 धावा कुटल्या. चेंडू सीमापार पाठवणारी ही ताकद फेकीच्या खेळांत घडलेल्या खांद्यांतून आणि कमरेतून येते. ‘बारीक’ दिसण्याशी तिचा संबंध नाही.

यो-यो चाचणीविषयी सूत्रसंचालकाने जे सांगितले ते अर्धवट आहे. येन्स बांग्सबो या डॅनिश शरीरक्रियातज्ज्ञाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या चाचणीत वीस मीटर जाऊन परत यायचे, मग दहा सेकंद दम घ्यायचा आणि पुन्हा धावायचे असते. ध्वनिसंकेतांचा वेग वाढत जातो. भारतीय संघासाठी पूर्वी या चाचणीची 16.1 ही पातळी गाठणे आवश्यक होते, म्हणजे एकूण 1,120 मीटर धाव. थोड्या विश्रांतीनंतर शरीर किती लवकर सावरते, एवढेच ती मोजते. कव्हर ड्राइव्हची वेळ, स्लिपमधले हात किंवा तिसऱ्या स्पेलमधला (सलग षटकांच्या टप्प्यातला) वेग यांपैकी काहीही ती मोजत नाही. आयपीएलच्या 2018 च्या मोसमात 602 धावा करणारा अंबाती रायुडू या चाचणीत नापास झाला आणि इंग्लंडच्या एकदिवसीय मालिकेतून वगळला गेला. त्याच सुमारास मोहम्मद शमीही नापास होऊन अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीला मुकला; मग उत्तीर्ण होऊन इंग्लंडला गेला आणि पाच कसोटींत त्याने 16 बळी घेतले. नापास झाल्यामुळेच शमी सुधारला, असे कोणी म्हटले तर मी हुज्जत घालणार नाही. परंतु पात्रतेचा आकडा 2023 पर्यंत 16.5 वर गेला आणि 2025 मध्ये 1,200 मीटर धावण्याची ब्रॉन्को चाचणीही दाखल झाली. ज्या मापाचा आकडा आणि प्रकार काही वर्षांनी बदलतो, ते प्रशिक्षकाचे उपयुक्त साधन आहे. एखाद्याची कारकीर्द संपवण्याचा आधार म्हणून ते अपुरे पडते.

मला सर्वांत जास्त खटकला तो दुखापतींचा दावा, कारण त्याचे परिणाम पार्क मैदानापर्यंत पोहोचतात. वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, त्या क्षणी त्याच्या शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून कमरेपर्यंत जातो आणि त्याच वेळी पाठ वाकलेली आणि पिळलेली असते. हेच हजारो वेळा घडले आणि मध्ये हाडाला भरून यायला वेळ मिळाला नाही, तर मणक्याच्या मागच्या भागात सूक्ष्म तडा जातो. जसप्रीत बुमराच्या मेहनतीवर संशय घेणारा कोणी मला भेटलेला नाही. तरीही पाठीच्या दुखण्यामुळे तो 2022 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला मुकला, मार्च 2023 मध्ये त्याच्यावर न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्येच तो परतू शकला. पुढे 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोटींत 151.2 षटके टाकून 32 बळी घेतले, आणि शेवटच्या सिडनी कसोटीच्या दुसऱ्या डावात त्याला चेंडू हातात घेता आला नाही. हे मेहनत कमी पडल्याचे लक्षण म्हणायचे, की जास्त झाल्याचे? टी-ट्वेंटीत दर सामन्याला चार षटके टाकण्याची सवय झालेल्या शरीराला अचानक दिवसाला वीस षटके टाकायला लावली की धोका वाढतो, हे आज फिजिओंना पाठ आहे.

आता हाच दावा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानावर पडला तर काय होईल, याचा विचार करावा. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक केल्यापासून अष्टपैलू व्हायचे स्वप्न घेऊन मैदानावर येणारी मुले कमी नाहीत. या वयात हाडे पूर्ण पक्की झालेली नसतात. म्हणूनच इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात कुमार गोलंदाजांनी एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती षटके टाकावीत, याच्या वयानुसार मर्यादा आखून दिल्या आहेत. पाठ दुखते असे सांगणाऱ्या मुलाला ‘आळशी आहेस, अजून दोन षटके टाक’ असे ऐकवले जाते, तेव्हा त्यामागे पॉडकास्टमधल्या या विधानासारखीच समजूत असते. दुखणे लपवणारा मुलगा मग डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतो.

पूर्वीचे खेळाडू जखमी होत नसत, या म्हणण्यासाठी बहुतेक वेळा कपिल देव यांचे नाव पुढे केले जाते. त्यांनी 131 कसोटी खेळल्या आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही, हे खरे असून विलक्षणही आहे. पण अपवादाला नियम करता येत नाही. डेनिस लिली यांच्या पाठीला 1973 मध्ये तडे गेले होते आणि जवागल श्रीनाथच्या खांद्यावर 1997 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. जे टिकले त्यांची नावे आपल्या लक्षात राहिली. ज्यांची पाठ विशीतच गेली त्यांची राहिली नाहीत.

पैशाच्या मुद्द्याला फार जागा द्यावी असे वाटत नाही. आयपीएलमध्ये प्रत्येक संघ साधारण दोन महिन्यांत साखळीचे चौदा सामने खेळतो. सामना मध्यरात्रीच्या आसपास संपतो आणि लगेच पुढच्या शहराचे विमान असते. सगळेच कोट्यधीश नसतात. 2025 च्या मोसमासाठीच्या लिलावात किमान पायाभूत किंमत 30 लाख होती. आणि असते कोट्यधीश, तरी पैशाने आहारतज्ज्ञ नेमता येतो, तडा गेलेले हाड लवकर जुळवता येत नाही.

‘संघाच्याच माणसाने सांगितले, म्हणजे आतली बातमी असणार’, हा समज मात्र दूर करायला हवा. संघाच्या पॉडकास्टचा सूत्रसंचालक हा करमणुकीसाठी नेमलेला माणूस असतो. डेक्साचे अहवाल आणि एमआरआय त्याच्या टेबलावर येत नाहीत, आणि आले तरी ते जाहीर करण्याचा अधिकार त्याला नसतो. संघाचा ट्रेनर आणि फिजिओ त्याच्या हाकेच्या अंतरावर असतात, आणि त्यांपैकी एकाला समोर बसवून त्याने चार प्रश्न विचारले असते, तर तो भाग मीही आवर्जून पुढे पाठवला असता.

राहता राहिला सुटलेल्या झेलांचा आणि संथ क्षेत्ररक्षणाचा मुद्दा. चाहत्यांचा हा राग मला पूर्णपणे मान्य आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला तो अधिकार आहे. जड शरीराच्या क्षेत्ररक्षकाला दोनाची एक धाव करणे अवघड जाते, हेही खरे. मात्र झेल सुटण्याचे खापर पोटावर फोडण्यापूर्वी जून 2025 ची हेडिंग्ली कसोटी आठवावी. भारत ती पाच गड्यांनी हरला आणि त्या सामन्यात चार झेल यशस्वी जयस्वालच्या हातून सुटले. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता, अंगाने सडसडीत होता आणि त्याच कसोटीच्या पहिल्या डावात त्याने शतक केले होते.