स्टीफन मार्बरीने चीनचे नागरिकत्व घेतलेले नाही

‘एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सोडून चीनला गेलेल्या बास्केटबॉलपटू स्टीफन मार्बरीने अमेरिकी नागरिकत्व सोडले आणि तो चीनच्या राष्ट्रीय संघातून खेळला’ असा मेसेज फिरतो आहे. यातला चीनला जाण्याचा भाग तेवढा खरा आहे.

मार्बरी २०१० च्या सुरुवातीला शान्शी संघाकडून चिनी लीगमध्ये उतरला. पुढे बीजिंग डक्सला त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली. बीजिंग शहराने त्याला २०१४ मध्ये मानद नागरिक केले आणि नंतर त्याला चीनमधील कायम वास्तव्याचे कार्ड मिळाले. गोंधळ इथेच होतो. हे कार्ड म्हणजे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. त्याने पासपोर्ट बदलत नाही. चीनचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. लीगमध्येही तो परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एका जागेवरच खेळत होता.

राष्ट्रीय संघाचे म्हणाल, तर तो २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला होता. स्पेनविरुद्ध त्याचे ३१ गुण होते, संघाला कांस्यपदक मिळाले. एका देशाकडून अधिकृत स्पर्धा खेळलेल्याला फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम सहसा दुसऱ्या देशाकडून खेळू देत नाहीत.

बहुधा एनबीएतल्याच काइल अँडरसन या खेळाडूशी गल्लत झाली असावी. त्याने २०२३ मध्ये चिनी नागरिकत्व घेतले आणि ली काइअर या नावाने तो विश्वचषकात चीनकडून खेळला. मार्बरीची कामगिरी मुळातच इतकी मोठी आहे की तिला खोट्याची जोड नको. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासाही टाका.