मालकांचे उत्तर: 'पाणी वाया घालवणारा पाईप' या तक्रारीबद्दल

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागते. छपरावरचं पावसाचं पाणी बागेसाठी टाकीत साठवण्याचं तुमच्याकडचं काम ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा झालं आणि तसं आधी कळवायचंही राहून गेलं. टाकीत डास झाल्याची तक्रारही बरोबर आहे. टाकीच्या झाकणाला आणि आत येणाऱ्या पाईपाला आम्ही जाळी लावली, पण जास्तीचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पाईपाचं, म्हणजे ओव्हरफ्लोचं, तोंड उघडं राहिलं. डासाला तेवढी वाट पुरते. अंडी घातल्यापासून आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतात, म्हणजे तुम्ही लिहिलेला काळ तंतोतंत जुळतो. ही चूक आमची, त्यात दुमत नाही.

पण तिसरा मुद्दा मला सोडवत नाही. तुम्ही लिहिलंय, "प्रत्येक पावसात वीस लिटर पाणी वाया घालवणारा पाईप मुद्दाम गळ्यात मारला, ही सरळ फसवणूक आहे." आणि त्याच्या खालच्याच ओळीत, "टाकीतल्या पाण्याला कुजका वास येतो." या दोन तक्रारी एकमेकींना जोडलेल्या आहेत. कशा, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तो उभा पाईप पहिल्या पाण्यासाठी असतो. पाऊस नसतो त्या दिवसांत छपरावर धूळ बसते, पक्ष्यांची विष्ठा पडते, पन्हळीत पानं कुजतात. पुढच्या पावसाची पहिली सर हे सगळं धुऊन खाली आणते. ते पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आधी त्या पाईपात भरतं. पाईप भरला की आतला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि त्यानंतरचं स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. पाईपाच्या तळाच्या टोपणाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. पाऊस थांबला की त्यातून थेंब थेंब पाणी निघून जातं आणि पाईप पुढच्या पावसासाठी रिकामा होतो.

आता हिशोब. एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. तुमच्या छपराचा जो भाग पन्हळीला जोडलाय तो 40 चौरस मीटर, मी स्वतः शिडीवर चढून टेपने मोजलाय. 10 मिलिमीटरची एक बरी सर आली की 400 लिटर. छप्पर भिजण्यात, उडण्या-सांडण्यात थोडं जातं, तरी सव्वातीनशेच्या आसपास हाताला लागतं. त्यातले 20 लिटर आपण बाजूला काढतो, म्हणजे छपरावरचा फक्त पहिला अर्धा मिलिमीटर. 110 मिलिमीटर व्यासाच्या पाईपात मीटरला साधारण साडेआठ लिटर मावतं, म्हणून तो जवळजवळ अडीच मीटर लांब आहे. लांबी वाढवून बिल फुगवलं असंही तुम्ही सुचवलंत. छप्पर लहान असतं तर पाईपही आखूड लावला असता. आणि ते पाणी वायाही जात नाही. टोपणाखालून नळी काढून तुमच्या लिंबाच्या आळ्यात सोडली होती. काम संपवून निघताना तुमच्याच समोर ती मातीत दाबून ठेवली. पानं-विष्ठा मिसळलेलं ते पाणी झाडाच्या मुळाशी चालतं, टाकीत महिनाभर साठून राहिलेलं चालत नाही.

अभिप्रायासोबत तुम्ही चार फोटो टाकलेत. तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात ती नळी काढलेली आहे आणि टोपणाच्या भोकाला सिमेंटसारखं काहीतरी भरलंय. पाणी वाचावं म्हणून केलं असेल, हेतू चांगलाच असणार. पण त्यामुळे पाईप पहिल्या पावसात भरला तो भरलेलाच राहिला. चेंडू वरच अडकून आहे. त्यानंतरच्या प्रत्येक पावसात छपराची सगळी घाण सरळ टाकीत उतरली. तळाशी बसलेला तो पाला कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग वास सुटतो. टाकी काळी आहे, बंद आहे, ऊन आत जात नाही, त्यामुळे शेवाळ धरलेलं नाही, हेही फोटोत दिसतंय. वास फक्त गाळाचा आहे.

तुम्ही एक फोन केला असता तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. भोक बुजवू का, एवढंच विचारायचं होतं. हे काम आम्ही दोघंच करतो, मी आणि माझे पती. जाहिरात कधी केली नाही. एका घरची बाग बघून दुसऱ्या घरून बोलावणं येतं, त्यावरच घर चालतं. तुमचा अभिप्राय आल्यावर एकांनी ठरलेलं काम पुढे ढकललं, आणि कारण विचारल्यावर 'फसवणूक' हाच शब्द उच्चारला. एक तारा द्या, उशीर झाला म्हणून रागवा, जाळीबद्दल चारचौघांत बोला, ते मी ऐकून घेईन. पण फसवणूक आम्ही केलेली नाही. तेवढा शब्द तुम्ही मागे घ्यावा अशी विनंती आहे.

टाकी आठवड्यात रिकामी झाली असंही तुम्ही लिहिलंय. टाकी 500 लिटरची आहे. तुमच्या वाफ्यांना आणि कुंड्यांना मिळून रोज साठ-सत्तर लिटर लागतात, म्हणजे पाऊस न पडता आठवडाभरच ती पुरणार. मोठी टाकी घ्या असं मी सुचवलं होतं, जागा नाही म्हणून तुम्ही ही निवडलीत. त्यात चूक कुणाचीच नाही. कुंड्यांवर गवत-पाल्याचं आच्छादन टाकलंत आणि दुपारऐवजी संध्याकाळी पाणी दिलंत तर दोन-तीन दिवस नक्की वाढतील.

यापुढे काम झाल्यावर काय करायचं, काय नाही, याचा एक कागद आम्ही देत जाऊ. वेळेचंही बघतो.

बुधवारी सकाळी आम्ही येतो, पैसे लागणार नाहीत. ओव्हरफ्लोला जाळी बसवू, टोपण बदलू, टाकी तळापासून उपसून धुऊन देऊ. निघालेला गाळ फेकू नका, आळ्यांत घालता येईल. तोवर टाकीतलं पाणी झाडांच्या मुळाशी घातलंत तर काही बिघडणार नाही, फक्त पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नका. आणि आम्ही येईपर्यंत त्या पाईपाचं टोपण कृपया स्वतः उघडू नका. आत अडीच मीटर उंच पाणी कोंडलेलं आहे, टोपण सैल होताच सगळं एकदम अंगावर येईल.