बाहेरची कड उचललीय म्हणून निर्धास्त राहू नका

बारावीच्या भौतिकशास्त्रात वळणाच्या उताराचं, म्हणजे बाहेरची कड उचलून रस्त्याला दिलेल्या तिरकेपणाचं, सूत्र घोटून घेतात: कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण). त्यात घर्षण शून्य धरलेलं असतं. पेपरात गुण मिळतात, पण डोक्यात राहतं की रस्ता तिरका केलाय, म्हणजे गाडी वळवायचं काम रस्ताच करतो. प्रत्यक्षात तो जेमतेम एक तृतीयांश करतो.

हिशेब सोपा आहे. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत वेगाचा वर्ग (ताशी किमी) = 127 × त्रिज्या (मीटर) × (उतार + घर्षण). सपाट मुलखात उतार जास्तीत जास्त 7 टक्के (सूत्रात 0.07), बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात 10 टक्के, घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरची पकड, 0.15. त्रिज्या 100 मीटर आणि उतार 7 टक्के घ्या, सुमारे 53 चा वेग येतो. घर्षण काढून टाका, 30 सुद्धा येत नाही. बाकी सगळा भार टायरवर.

मग उतार वाढवत का नाहीत? कारण त्याच वळणावर उसाची ट्रॉलीही रांगत जाते. जास्त तिरक्या रस्त्यावर उंच माल आतल्या बाजूला कलतो आणि वेग नसेल तर त्याला सावरायला काही नसतं. म्हणून आपल्याकडे आधी डिझाइन वेगाच्या (ज्या वेगासाठी वळण आखलंय त्याच्या) 75 टक्के वेगाला पुरेल एवढा उतार काढतात, तो मर्यादेबाहेर गेला तर त्या मर्यादेवरच थांबतात, आणि उरलेलं घर्षणाला झेपतं का ते पूर्ण वेगावर तपासतात. नाही झेपलं तर त्रिज्या वाढवायची किंवा वेगमर्यादेची पाटी लावायची.

0.15 हा आकडा जपून धरलेला आहे. कोरड्या डांबरावर चांगला टायर 0.7 च्या आसपास धरतो. कारवाल्याला त्याचा फायदा, उंच माल भरलेल्या ट्रकला नाही. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असेल, तर बाजूचं त्वरण 0.4 जीच्या आगेमागे गेलं की आतली चाकं उचलायला लागतात. सपाट रस्ता, 50 मीटर त्रिज्या, म्हणजे साधारण 50 चा वेग. टायर सुटण्याआधीच ट्रक आडवा. अर्धवट भरलेला टँकर त्याहून वाईट, कारण आतला द्रव बाहेरच्या बाजूला धावतो.

वळणात ब्रेक मारू नका म्हणतात त्यामागेही हाच हिशेब आहे. ओल्या रस्त्यावर टायरकडे एकूण पकड 0.5 असेल आणि 0.4 ब्रेकमध्ये गेलं, तर वळायला 0.3 उरतं. बेरीज वर्गांची होते, साधी नाही. वेग वळणाआधी कमी करायचा, आत शिरल्यावर नाही.

आता माझी खरी तक्रार. वळणावर डांबराचा नवा थर टाकताना जुना उतार मोजायचा कुणी? मधे फुगीर, दोन्हीकडे उतरता असा सरळ रस्त्याचा कॅम्बर तसाच वळणात ओढत नेतात. मग बाहेरच्या लेनला उतार उलटा पडतो. अडीच टक्के उलटा धरला, तर वरच्या त्याच 100 मीटरच्या वळणावर 53 चे 40 होतात. पाटी मात्र जुनीच. दुसरी गडबड वळण सुरू होण्याआधीच्या पट्ट्यात. तिथे कॅम्बर सपाट होऊन मग तिरका होतो. रस्त्याला लांबीतही चढउतार नसेल तर पाणी तिथेच साचतं, खड्डा पडतो आणि गाडी वळवायला घ्यायच्या नेमक्या जागी टायरखाली पाण्याचा थर येतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी धरा, स्पिरिट लेव्हलने समपातळीत आणा आणि खालच्या टोकाशी फट मोजा. 7 टक्क्यांना 14 सेंटिमीटर यायला हवेत. मोजमाप वळणाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी, दोन्ही लेनमध्ये, वाहतूक थांबवून. हे आकडे नोंदवल्याशिवाय वळणाच्या कामाचं बिल पास होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.