मसुदाच दाखवला नाही, तर तिचे नाव लेखकांत येणार कसे?

काही वर्षांपूर्वी मी ज्या विभागात काम करत होतो, तिथून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सलग दोन पावसाळे नदीकाठी फिरून पाण्याचे नमुने गोळा करणारी आणि प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबून ते तपासणारी संशोधक विद्यार्थिनी तोवर दुसरीकडे नोकरीला लागली होती. तिचे नाव लेखकांत नव्हते, शेवटच्या आभारांत होते. कारण विचारल्यावर 'लेखनात तिचा सहभाग नव्हता' असे उत्तर मिळाले. तिला मसुदा पाठवलेलाच नाही हे सहलेखक म्हणून मला माहीत होते, तरीही मी गप्प राहिलो. त्या अन्यायात माझाही वाटा आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखक ठरवण्यासाठी चार अटी घालते. संशोधनाची आखणी, माहिती मिळवणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग हवा, अंतिम मजकुराला संमती हवी आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी हवी. चौथी अट २०१३ मध्ये आली. या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच दस्तऐवजात असेही बजावले आहे की, पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुद्यावर काम करण्याची आणि संमती देण्याची संधी मिळायला हवी, ती नाकारून कोणाला वगळण्यासाठी हे निकष वापरू नयेत. आमच्या विभागात नेमके तेच झाले होते.

उलट केवळ निधी मिळवला किंवा विभागाची सर्वसाधारण देखरेख केली, एवढ्यावर कोणी लेखक ठरत नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. तरीही विभागप्रमुखांचे नाव घालण्याची प्रथा आपल्याकडे टिकून आहे आणि तिला नियमांचेही बळ मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले आहेत; त्यानुसार दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात, दोनांहून अधिक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. तिसरे नाव आले की दुसऱ्याचे गुण निम्म्याहून कमी होतात, म्हणून नावांचा क्रम हा पदोन्नतीचा प्रश्न बनतो आणि तिथे कनिष्ठाचा आवाज चालत नाही.

कोणी कोणते काम केले ते चौदा भूमिकांच्या तक्त्यात सांगणारी 'क्रेडिट' पद्धत आता अनेक नियतकालिके वापरतात. नमुने गोळा करणे, सॉफ्टवेअर लिहिणे, पडताळणी करणे अशी एरवी अदृश्य राहणारी कामे तिच्यामुळे निदान नोंदली जातात, म्हणून मला ती मोलाची वाटते. मात्र लेखक कोण हे ती ठरवत नाही आणि तो तक्ता बहुधा निबंध पाठवण्याच्या रात्री एकच जण घाईघाईने भरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा तक्ता काम सुरू होतानाच लिहावा, कामे बदलतील तसा सर्वांसमक्ष दुरुस्त करावा आणि मसुदा तयार झाला की विभाग सोडून गेलेल्यांनाही तो पाठवून उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत. माझ्या विद्यार्थ्यांबरोबर मी आता हेच करतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही ते करावे, कारण विद्यार्थ्याने हा विषय आपणहून काढावा अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या प्रबंधावर सही आपलीच लागते.