‘परवानगी दिली की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

अँड्रॉइडच्या स्टोरेज निर्बंधांमुळे ऑटोमेशनची कामं अडतात, या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, अँड्रॉइडचे स्टोरेजवरचे निर्बंध लोकांच्या खासगीपणासाठी आहेत आणि मी उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडतोय. शिवाय ‘ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस’ (फोनमधल्या सगळ्या फाइली वाचायची परवानगी) चालू केला की ठरलेली कामं आपोआप करणारं ऑटोमेशन अ‍ॅप पूर्वीसारखं चालतं, मग तक्रार कसली?

पहिला मुद्दा मान्य. तो लेखात यायला हवा होता. पूर्वी स्टोरेजची परवानगी एकदा दिली की टॉर्चच्या अ‍ॅपलासुद्धा आपले फोटो, पीडीएफ, बॅकअप सगळं वाचता यायचं. हे थांबायलाच हवं होतं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर स्कोप्ड स्टोरेज (अ‍ॅपला ठरावीक फाइलींपुरतं मर्यादित ठेवणारी पद्धत) आलं, तेव्हा अ‍ॅपना जुन्या पद्धतीने चालू राहायची सवलत होती. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ११ साठी बनवलेल्या अ‍ॅपची ती सवलतही गेली.

दुसरा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. ती परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपला प्ले स्टोअरकडून आधी मंजुरी घ्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक अ‍ॅपमध्ये ती सापडेलच असं नाही. आणि ती दिली तरी ‘अँड्रॉइड/डेटा’मधली इतर अ‍ॅपची फोल्डरं बंदच राहतात. तिथली फाइल हवी असेल तर शिझुकूसारख्या, दुसऱ्या अ‍ॅपला जादा अधिकार देणाऱ्या अ‍ॅपचा मार्ग उरतो, आणि रूट नसलेल्या (म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा न घेतलेल्या) फोनवर तो रीस्टार्टनंतर सहसा पुन्हा चालू करावा लागतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला हे कसं परवडणार?

ही परवानगी नसेल तर काय होतं, तेही बघा. समजा, एका फोल्डरमधल्या सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्यांच्या) फाइली गोळा करून मेल करणारा मॅक्रो, म्हणजे ऑटोमेशन अ‍ॅपमध्ये रचलेली कामांची साखळी, आहे. फाइल मॅनेजरमध्ये सात फाइली दिसतात, मॅक्रोला शून्य. फोटोंची परवानगी असेल तर त्याच फोल्डरमधला फोटो त्याला दिसतो, पण दुसऱ्या अ‍ॅपने लिहिलेली सीएसव्ही दिसत नाही. एरर येत नाही. मॅक्रो ‘फाइल नाही’ असं समजून पुढे जातो आणि लॉगमध्ये काम यशस्वी म्हणून नोंद होते. माझा खरा राग यावर आहे. सरळ नकार आला असता तर माणसाला कळलं तरी असतं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर त्याने स्वतःच लिहिलेल्या जुन्या फाइलीही त्याला परक्या होतात.

अ‍ॅपला एखादं फोल्डर स्वतः निवडून देण्याची सोय आहे आणि बहुतेक कामांना ती पुरते. मात्र डाउनलोड फोल्डर थेट निवडता येत नाही, त्याच्या आत एक वेगळं फोल्डर करून ते द्यावं लागतं.

लेखात आज दोन दुरुस्त्या करतोय. खासगीपणाचा परिच्छेद सुरुवातीला येईल. मॅक्रोत एक पायरी वाढेल: फोल्डरमध्ये फाइल मॅनेजरने बनवलेली एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची आणि ती दिसली नाही तर मॅक्रोने लगेच थांबून नोटिफिकेशन द्यायचं. ही फाइल मॅक्रोच्याच अ‍ॅपने बनवू नका, कारण स्वतःची फाइल त्याला दिसतेच.